कारणाचं पोस्टकार्ड

साहेबांचा काळा कोट मी शेवटचा पाहिला तो चहाच्या किटलीवर. साठ वर्षं पुरी झाली त्या दिवशी ते कोर्टातून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोट शिंप्याकडे देऊन त्याची किटलीसाठी जाड टोपी शिवून घेतली. उरलेल्या कापडाची गरम भांडी धरायची दोन फडकी झाली. काकू म्हणाल्या, "अहो, वर्षभर तरी ठेवायचा होता. कुणी बोलावलं तर?"

"बोलावलं तर किटली घेऊन जाईन," साहेब म्हणाले.

मी त्यांचा शेवटचा ज्युनिअर. वऱ्हाडातून कायदा शिकायला पुण्यात आलो आणि कुणाच्या तरी ओळखीनं त्यांच्याकडे लागलो. पहिल्या दिवशी मी बोललो ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज गोड आहे तुझा. कोर्टात उपयोग नाही, संसारात होईल." त्यांच्याकडे असं कौतुक आणि टोमणा एकाच पुडीत मिळायचा. पुडी सोडून काय निघालं ते आपलं आपण बघायचं.

काकू बँकेत होत्या. साहेब रोज सकाळी त्यांच्याबरोबर बसस्टॉपवर जाऊन उभे राहायचे. बस आली, काकू चढल्या, खिडकीतून हात दिसला, की मग हे कोर्टाकडे. पक्षकारांना हे ठाऊक होतं. घाईचं काम असेल तर लोक स्टॉपवरच गाठायचे. "बस येईपर्यंत बोला," साहेब सांगायचे. बोलता बोलता बस आली की ते हात वर करायचे. माणूस वाक्य अर्धं टाकून गप्प. काकूंची पिशवी वर द्यायची, बस वळेपर्यंत बघायचं, मग वळून म्हणायचं, "हं. भावानं कुंपण घातलं. पुढे?" एकदा एका बिल्डरनं मोटार आणली आणि "मॅडमना सोडतो की, वकीलसाहेब" म्हणाला. साहेब म्हणाले, "त्यांना बस आहे. तुम्हाला काम नाही का?"

पुढे बँकांमध्ये कॉम्प्युटर आले, स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या आणि काकू घरी बसल्या. त्यानंतरचे आठ-दहा दिवस हे दोघं रोज ठरल्या वेळी स्टॉपवर जात होते, हे मी पाहिलेलं आहे. मिळेल ती बस पकडायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत यायचं. "एकदम बंद केलं तर तिला त्रास होईल," साहेब मला हळूच म्हणाले. काकूंनी नंतर मला सांगितलं, "त्यांना त्रास झाला असता ना रे, म्हणून गेले."

मुलगा अमेरिकेत होता. ई-मेल पाठवायला साहेब कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जायचे, ते मला घेऊन. ते सांगायचे आणि मी टाइप करायचो. मुलानं लिहिलं होतं की जेवणाचे हाल नाहीत, मजेत आहे. साहेबांनी उत्तर दिलं: 'तुझे पत्र मिळाले. त्यातील जेवणाबाबतचा मजकूर खरा नाही व तो आम्हांस मान्य नाही. तरी आईस फोन करून काय खातोस ते सविस्तर सांगावे.' मुलानं त्याच रात्री फोन केला म्हणे, आणि पाऊण तास आईला आमटीची फोडणी विचारत बसला.

निवृत्तीनंतर साहेबांनी एकच काम ठेवलं होतं, मृत्युपत्रं करायचं. सहकारनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये लोक यायचे. फी नाही. पेढे आणले तर परत जायचे, भाजी आणली तर ठेवून घेतली जायची. एक गृहस्थ रागानं थरथरत आले. मुलानं जातीबाहेर लग्न केलं, त्याला काही द्यायचं नाही. साहेब म्हणाले, "राग अजून ताजा आहे. मृत्युपत्राला शिळा लागतो. पुढच्या महिन्यात या." ते गृहस्थ पुढच्या महिन्यात आले ते बारशाचं आमंत्रण घेऊन.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, त्या गोष्टीकडे येतो. इतका वेळ किटली नि बस सांगत बसलो त्याचं कारण साहेबांना लगेच कळलं असतं. "मुद्द्याला घाबरलास की तू वर्णन करतोस," असं ते मला म्हणायचेच.

मृत्युपत्रावर सह्या झाल्या, साक्षीदार झाले, की साहेब सगळ्यांना खोलीबाहेर काढत. मग त्या माणसाला विचारत, "आता का, ते सांगा." घर याला का, दागिने तिला का. "कायद्याला कारण लागत नाही, पण मागे राहणाऱ्यांना लागतं." जे उत्तर येईल त्यातली एक ओळ, त्याच माणसाच्या शब्दांत, ते कोऱ्या पोस्टकार्डावर स्वतःच्या हातानं लिहायचे. पत्ता नाही, सही नाही. कार्ड मृत्युपत्राबरोबर त्यांच्याकडे राहायचं. माणूस गेला की तेराव्यानंतर साहेब त्या घरी जायचे, चहा घ्यायचे, आणि सगळे बसले की तेवढी एक ओळ वाचून कार्ड देऊन यायचे.

त्या ओळींनी काय व्हायचं ते मी पाहिलंय. एका मास्तरांनी पेटी मुलाला न देता पुतण्याला दिली होती. मुलाचं तोंड चढलेलं. साहेबांनी वाचलं, "तो वाईट वाजवतो, पण रोज वाजवतो." मुलगाच पहिला हसला. एका बाईंनी पाटल्या धाकट्या सुनेला ठेवल्या. मोठीचे डोळे भरलेले. कार्डावर होतं, "मोठी मागून घेईल, ही मागणार नाही." त्यावर मोठीच म्हणाली, "खरं आहे हो," आणि पाटल्या तिनंच धाकटीच्या हातात घातल्या.  खाली उतरताना जिन्यात साहेब एकदा मला म्हणाले, "तीस वर्षं लोकांना भांडायला मदत केली. हे त्याचं प्रायश्चित्त समज."

हे कार्ड त्यांनी कुणाला लिहू दिलं नाही. एकदाच दिलं, मला.

हडपसर गावठाणात एक म्हातारी होती. उभा जन्म मंडईत भाजी विकून तिनं तीन खोल्यांचं घर उभं केलेलं. नवऱ्यानं टाकलेली मुलगी तिच्याजवळ राहत होती. मुलगा कात्रजला असायचा, दुधाची गाडी चालवायचा. घर तिला मुलीच्या नावे करायचं होतं. साहेबांनी कागद तयार केला, दिवस ठरला आणि नेमक्या त्याच सकाळी साहेबांच्या लेकीला कळा सुरू झाल्या म्हणून दवाखान्यात नेलं. अशा दिवशी साहेब दुसरीकडे जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी मला दवाखान्याच्या दारात कागद दिला आणि वर एक कोरं पोस्टकार्ड ठेवलं.

"काम तुझं. कार्डही तूच लिही. घाई करू नकोस. म्हाताऱ्या माणसांची पहिली तीन कारणं खोटी असतात, चौथं लिहायचं."

त्याच दिवशी हडपसरलाच माझी मुलाखत होती. तिथं नव्यानं उघडलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला परदेशी करारमदार वाचणारा माणूस हवा होता. साहेबांना मी हे सांगितलं नव्हतं. वकिलीत माझं काही होत नव्हतं, गावाकडून आईची पत्रं येत होती, आणि साहेबांना सोडून जातोय हे तोंडावर सांगायचं धैर्य नव्हतं.

शेजारचे डॉक्टर साक्षीला आले. आजीनं अंगठा दिला, डॉक्टरांनी आणि मी सही केली. सगळं रीतसर झालं. डॉक्टर गेले. मुलगी आत चहा टाकायला गेली. मी कार्ड काढून विचारलं, "आजी, घर मुलीला का?"

म्हातारी खाटेवर मांडी घालून बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "सांगते की. च्या येऊ दे. मोठं हाय जरा, दमानं सांगाया पायजे."

मी घड्याळ पाहिलं. म्हटलं, "आजी, मी पुन्हा येतो मग."

"आत्ता आलाय तर बस की लेकरा."

"येतो ना. दोन दिवसांत येतो."

मी पुन्हा कधी गेलो नाही. त्या दिवशी कंपनीत पोचलो तर माझा नंबर यायला दीड तास होता. तो दीड तास मी त्यांच्या गार हॉलमध्ये मऊ खुर्चीवर बसून काढला, आणि तिथंच मांडीवर फाईल ठेवून कार्ड लिहून टाकलं. फार विचारही केला नाही. मुलगी आईजवळ राहते, मुलगा लांब राहतो, घर मुलीला. यात कारण शोधायचं काय? मी लिहिलं: 'लेकीनं माझं केलं, लेकानं केलं नाही. म्हणून घर लेकीला.'

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. साहेबांना नात झाली होती. व्हरांड्यात ते पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते, आयांनाही पेढे देत होते. मी कार्ड दिलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"असं म्हणाल्या?"

"हो."

"हे चौथं कारण?"

"हो, साहेब."

थोडा वेळ ते कार्डाकडे बघत राहिले. "कडक बाई आहे," म्हणाले, आणि कार्ड खिशात घालून माझ्या हातावर दोन पेढे ठेवले.

आजी दोन महिन्यांतच गेली. तोवर मी नोकरीवर रुजू झालो होतो. साहेब काही बोलले नव्हते. "चांगलं झालं, आईला कळव" एवढंच. तेरावं झाल्यावरच्या रविवारी त्यांनी मला हडपसरला बरोबर नेलं. "तू घेतलेलं कार्ड आहे, तू असायला हवंस."

घरात पंधरा-वीस माणसं होती. मुलगा भिंतीशी बसला होता, डोकं भादरलेलं, गळ्यात उपरणं. साहेबांनी नेहमीच्या आवाजात ती ओळ वाचली. मी सतरंजीकडे बघत होतो.  मुलगा उठला. त्यानं साहेबांना नमस्कार केला, बहिणीच्या हातात चहाचा ट्रे होता तिला वळसा घातला, दारात चपला पायात सरकवल्या आणि निघून गेला. बहीण म्हणाली, "घराचा राग आला त्याला. म्हणत होता नको नको, पण मनात होतं."

साहेब त्याला भेटायला कात्रजला दोनदा गेले. तो अदबीनं बसवायचा, दूध द्यायचा. एवढंच म्हणायचा, "आईचं तोंड हाय, साहेब. तिला हक हाय बोलायचा." हडपसरला तो पुन्हा गेला नाही. भाऊबीजेला बहीण गेली तर हा गाडी घेऊन बाहेर पडलेला.

त्यानंतर साहेबांनी पोस्टकार्डं बंद केली. त्यांच्या कपाटात हयात माणसांची तीस-एक कार्डं होती. एकेकाला घरी बोलावून त्यांनी ती परत केली. "मी हे जपून ठेवण्यात चूक केली," म्हणायचे. "माणूस कधी कडू बोलतं. ते वाऱ्यावर जाऊ द्यावं, लिहून काढू नये. तुमचं तुम्ही सांगा, तोंड आहे तोवर." हळूहळू मृत्युपत्रंही बंद झाली. लोकांना वाटलं, वय झालं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण आधी नोकरी नवी होती, मग लग्न ठरत होतं, मग फ्लॅट, मग बढती. मी दर दिवाळीला फराळ घेऊन जायचो आणि साहेब माझ्या बायकोला सांगायचे, "हा माझा सगळ्यात विश्वासू ज्युनिअर." खाली मान घालून मी चकली खायचो. न बोलण्याचं कसं असतं, की दर वर्षी त्यात एक वर्ष वाढतं. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर ती चूक ठरली असती. पाचव्या वर्षी तिला दुसरं नाव होतं.

साहेबांच्या पंचाहत्तरीला घरच्यांनी हॉल घेतला होता. तोवर त्या कार्डाला अकरा वर्षं उलटली होती. मुलगा अमेरिकेहून आलेला. मी कार्ड लिहिलं त्या दिवशी जन्मलेली नात सगळ्यांना आजोबांच्या नकला करून दाखवत होती. साहेबांच्या लेकीनं मला बाजूला घेतलं. "दादा, तुम्ही बोला ना चार शब्द. बाबांच्या पोस्टकार्डांवर बोला. त्यांनी ती का बंद केली हो? आम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्हाला माहीत असेल."

"नाही," मी म्हणालो. "कल्पना नाही."

ते दुसरं खोटं होतं आणि ते मला झेपलं नाही. मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर पित्त म्हणालो.

दोन दिवसांनी दुपारी साहेबांकडे गेलो. काकू मटार सोलत होत्या. साहेब समोर बसून त्यातले खात होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. काकूंचे हात थांबले. साहेबांचे थांबले नाहीत. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले.

"म्हणजे त्या काहीच बोलल्या नाहीत?"

"चहा येऊ दे, मग सांगते म्हणाल्या. मी थांबलो नाही."

"मुलाखत होती."

"हो."

"तीच ही नोकरी?"

"तीच, साहेब."

 मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते काकूंना म्हणाले, "माझा शर्ट कुठला बरा आहे?" आणि मला, "रिक्षा थांबव. कात्रज."

काकू म्हणाल्या, "अहो, आत्ता? उन्हाचं?"

"अकरा वर्षं झाली," साहेब म्हणाले. "सावली कधी पडणार आहे?"

म्हातारीचा मुलगा घरीच होता. आता त्याचेही केस पिकले होते. गाडी त्याचा मुलगा चालवायचा. सुनेनं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. साहेब बसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "याला काही सांगायचंय. मी फक्त सोबत आलोय."

मी सांगितलं. कोर्टात कधी जमलं नव्हतं इतकं सरळ सांगितलं, कारण सांगण्यासारखं फार नव्हतंच. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे ती तसं बोललीच नाय."

"नाही. ते मी लिहिलं."

"मग काय बोलली?"

"मी थांबलो नाही. त्या सांगणार होत्या."

तो हसल्यासारखा झाला. "काय सांगणार हुती ते मला ठावं हाय. घर आक्काला दे म्हणून मीच मागं लागलो हुतो. चार महिने. ती ऐकंना. पोराचं नाव लागलं पायजे म्हणायची. मी म्हटलं, आक्काला कोण हाय? तवा कुठं तयार झाली."

साहेबांनी मान वर केली. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? समद्या भावकीपुढं म्हणू, आई खोटं बोलून गेली म्हणून? तिचं तेरावं नुकतं झालेलं, साहेब. मला वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं आसंल. इसरली आसंल." तो थांबला. "पण लागलं मला. लई लागलं."

मी काहीतरी माफीचं बोललो. त्यानं ते ऐकलं की नाही, माहीत नाही. त्यानं सुनेला हाक मारली, "आत्याचा नंबर हाय का तुझ्याकडं?" सुनेकडे होता. म्हणजे बायका बोलत होत्या अधूनमधून, चोरून. तिनं नंबर लावून मोबाईल सासऱ्याच्या हातात दिला. "आक्का, मी हाय," एवढंच त्याला बोलता आलं. मग मोबाईल त्यानं माझ्यापुढे धरला. "तुमीच सांगा."

अर्ध्या तासात दुसऱ्यांदा मी तेच सांगितलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. माझं संपल्यावर ती म्हणाली, "त्याला द्या फोन." माझ्याशी ती त्याहून जास्त काही बोलली नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही.

साहेबांनी माझी बाही ओढली. आम्ही बाहेर आलो. आतून त्याचा रडण्याचा आवाज येत होता आणि मध्येच, "अगं पण तू जेवलीस का?" असं काहीतरी.

रिक्षा निघाली. मी म्हणालो, "साहेब, तुमची ती पद्धत माझ्यामुळे मोडली. तुम्ही स्वतःला दोष देत बसलात."

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "माझं मी बघतो."

सिग्नलला रिक्षा थांबली. साहेब समोरच्या बसच्या मागच्या काचेकडे बघत होते.

"मी त्या म्हातारीवर रागावलो होतो रे," ते म्हणाले. "अकरा वर्षं. एवढी कडू बाई पाहिली नाही म्हणून घरी हिच्यापाशी दहा वेळा बोललो असेन. मनात आणलं असतं तर पोराला जवळ घेऊन गेली असती, म्हणायचो. मेलेल्या बाईवर रागावलो, आणि तिनं काय केलं होतं? चहाला थांब म्हणाली होती."

 अकरा वर्षं मी मनात ज्यांची माफी मागत होतो, त्यात साहेब होते, मुलगा होता, बहीण होती. म्हातारी नव्हती. तिचंच तोंड मी वापरलं होतं आणि तिचीच मला कधी आठवण झाली नव्हती.

घराखाली उतरल्यावर साहेबांनी मला वर बोलावलं नाही. पायरीवर थांबून म्हणाले, "तिचं नाव काय होतं, आठवतं?"

मला आठवेना.

"मलाही नाही. घरी जा. उद्या सकाळी ये, तिचा कागद शोधू."